चतुर्थीची भरती तीनला

केळझरवरून जाणारा मोठा रस्ता आपल्याला दोनच नावांनी माहीत: नागपूरकडे तोंड केले की नागपूर रोड, पाठ केली की वर्धा रोड. रत्नागिरीत मात्र याला मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असे करत तो आंबा घाटाने कोकणात उतरतो आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावर समुद्रापाशी संपतो. केळझरच्या सिद्धिविनायकाच्या पाया पडून निघालेल्या माणसाने हा रस्ता तेवढा सोडला नाही की अरबी समुद्र आलाच.

त्या मिऱ्यावर तंबू ठोकता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तिथला किनारा समुद्राने इतका खाल्ला आहे की दगडी बंधारे घालून तो धरून ठेवावा लागतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचे अख्खे जहाज भरकटत येऊन त्या बंधाऱ्याशी लागले. रस्ता समुद्राला भेटतो तिथेच मुक्कामाची जागा असते असे नाही. झोपायची जागा शोधण्यासाठी समुद्राची थोडी ओळख करून घ्यावी लागते, आणि ती ओळख महागड्या तंबूपेक्षा जास्त उपयोगी पडते. बाकीचा लेख त्या ओळखीसाठी.

हल्ली चार दोस्त जमले की मोबाइलवर ऑस्ट्रेलिया निघते. पाठीवर सॅक, किनाऱ्यावर तंबू, शेजारी लाटा, आणि खर्च म्हणे काहीच नाही. यातले शेवटचे तेवढे खोटे. तिथल्या बहुतेक शहरी किनाऱ्यांवर रात्री झोपायला मनाई आहे. राष्ट्रीय उद्यानांत ठरवून दिलेल्या जागी, आधी नोंदणी करून, माणशी पैसे भरूनच तंबू लावता येतो. क्वीन्सलँडमधल्या कगारी बेटावर (२०२३पर्यंत त्याचे सरकारी नाव फ्रेझर आयलंड होते) किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्याला डिंगो या रानकुत्र्यांपासून खाणे बंदिस्त ठेवायची सक्त ताकीद असते. पण तिकडची तरुण मंडळी महिनोन्‌महिने अशी फिरतात त्यामागे एक व्यवस्था आहे: कामही करा आणि फिराही, असा व्हिसा. २०२४पासून तो भारतीयांनाही खुला झाला. वय १८ ते ३०, बारावीनंतर निदान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी, खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले तीन लाखांच्या आसपास. जागा वर्षाला १,००० आणि निवड सोडतीने. पहिल्याच सोडतीला दोन आठवड्यांत सुमारे ४० हजार जणांनी नाव नोंदवले. नंबर लागलेल्यांनी तिथे पोट भरायला करायच्या कामांत फळतोडणी आहे, कापसाच्या जिनिंगमधली मजुरीही आहे. सेलू तालुक्यातल्या पोट्ट्याने एवढा खटाटोप करून संत्री तोडायला सातासमुद्रापार जावे, याची मला गंमत वाटते. जाऊ नये असे मात्र म्हणणार नाही.

ज्यांचा नंबर लागत नाही त्यांना आपला ७२० किलोमीटरचा कोकण किनारा आहे. गावाजवळ उघड्यावर झोपायची सोय तशीही उरलेली नाही. बोर हे २०१४पासून व्याघ्र प्रकल्प आहे, हिंगणीच्या पुढे रात्री जंगलात चादर पसरायला कोणी शहाणा जाणार नाही. समुद्रकाठी वाघ नाही. पण तिथेही रोज दोनदा एक प्राणी जमिनीवर चढून येतो, आणि त्याची वेळ माहीत नसेल तर सॅक, चपला, कधी तंबूही घेऊन जातो.

भरतीची वेळ काढायला अॅप आहेत. पण कोकणातल्या जुन्या माणसांकडे त्याहून सोपा हिशेब आहे आणि तो केळझरच्या माणसाला बसल्या जागी जमण्यासारखा आहे. तिथीला पाऊणने गुणायचे, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या किंवा पौर्णिमा धरा शून्य, म्हणजे भरती बाराला: दुपारी एकदा, मध्यरात्री एकदा. प्रतिपदेला पाऊण. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. विदर्भाच्या अष्टविनायकांतला गणपती दारात असलेल्या गावात चतुर्थी कधी आहे हे शेंबडे पोरही सांगते. त्याला एवढेच सांगायचे बाकी राहते की संकष्टीच्या दिवशी कोकणात दुपारी तीनला आणि पहाटे तीनला समुद्र भरलेला असतो, आणि चंद्रोदयाच्या सुमारास, रात्री नऊला, तो सगळ्यात दूर गेलेला असतो.

यामागचे कारण चंद्र. पृथ्वी एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो त्याच जागी डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात. भरती त्याच्या मागे चालते, त्यामुळे रोज ५० मिनिटांनी उशिरा येते. तिथीचा हिशेब काटेकोर लावला तर दर तिथीला ४८ मिनिटे पडतात. जुन्या माणसांनी तोंडी गुणाकारासाठी ती ४५ केली. म्हणून पक्षाच्या शेवटी, त्रयोदशी-चतुर्दशीला, हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागे पडतो. दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याला, भरती मुंबईच्या आधी येते. तंबूची जागा ठरवायला एवढी नजर पुरते. होडी काढायची असेल तर मात्र छापील कोष्टकच बघावे.

वेळेइतकीच उंचीही बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा भरती बेताची. तिला भांग म्हणतात. उधाणाला मुंबईकडे पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होते, गोव्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन. सपाट पुळणीवर उभ्यातले दोन मीटर म्हणजे आडवे पन्नास-साठ पावलेही होतात.

आता यातली खरी मेख. हिवाळ्यात, म्हणजे आपण सोयाबीन विकून मोकळे होतो त्या दिवसांत, रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा मोठी असते. पावसाळ्यात उलट, दिवसाची मोठी. डिसेंबर २०२५च्या पौर्णिमेच्या सुमारास मुंबई महापालिकेने पाच मीटरच्या भरतीचा इशारा दिला होता. ती पाच मीटरची भरती मध्यरात्रीनंतरची होती, त्याच दिवसांतली दुपारची भरती चार मीटरच्या थोडी वर होती. बाहेरून आलेले लोक नेमके इथेच फसतात. दुपारी पाणी कुठवर आले ते बघतात, त्याच्या वर दहा पावले सोडून तंबू लावतात आणि रात्री एकला गाद्या भिजतात. ओल्या वाळूच्या खुणेवर कधीच विसंबू नये. वर सुकलेले शेवाळ, शिंपले, थर्माकोल, बाटल्या यांची एक वेडीवाकडी ओळ दिसते, ती मागच्या मोठ्या उधाणाने सोडलेली असते. तंबू त्या ओळीच्याही वर. अशा दोन ओळी दिसल्या तर वरची खरी.

म्हणून समुद्रकाठी झोपायला माझी पसंती अष्टमीला, पौर्णिमेला नाही. चांदण्यातल्या लाटांचा मोह असणाऱ्यांना हे पटत नाही. पण अष्टमीला भरती सायंकाळी सहाला, म्हणजे पाणी जास्तीत जास्त कुठवर येते ते उजेडात डोळ्यांनी दिसते. मध्यरात्री ओहोटी, तुम्ही गाढ झोपेत असता तेव्हा समुद्र सगळ्यात लांब. पुढची भरती सकाळी सहाला, आणि भांगाची असल्याने तीही बेताची. खडकांतले खेकडे, शंख, समुद्रकाकड्या बघायच्या असतील तर मात्र उधाणाची ओहोटी हवी. त्यासाठी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पहाटे निघावे, मुक्काम गावातल्या घरात ठेवून.

तंबू लावताना विदर्भातल्या हाताला पहिला धक्का वाळूचा. काळ्या जमिनीत खुंटी मारली की दोन बैल बांधले तरी हलत नाही. वाळूत वीतभर लोखंडी खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला उपटून येते. कोकणातले लोक खुंटी मारतच नाहीत. सिमेंटची रिकामी पोती न्यावीत, वजन काही नसते. पोत्यात अर्ध्यापर्यंत वाळू भरायची, तोंड सुतळीने आवळायचे, दोरी पोत्याच्या कमरेला बांधायची, हातभर खड्डा करून पोते आडवे गाडायचे आणि वर वाळू पायाने दाबायची. आता दोरी ओढली की नुसते पोते हलत नाही, त्याच्यावरचा सगळा वाळूचा थर अडवतो. चार कोपऱ्यांना चार पोती, आणि समुद्राच्या बाजूला एक जास्तीचे.

तोंड कुठे करायचे हे शाळेत शिकलेल्या भूगोलात आहे, तिथे ते परीक्षेपुरतेच राहिले. दिवसा वाळू लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, पाणी मात्र ऊब धरून असते, तेव्हा उलटे, जमिनीकडून मतलई वारे. मधल्या वेळात, दिवेलागणीनंतर दोनेक तास, हवा साफ पडते. वर्ध्याच्या ४५ अंशांत वाढलेल्या माणसालाही तेव्हा ३० अंशांत गुदमरते, कारण हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. तंबूची दोन्ही तोंडे जमीन-समुद्र अशा रेषेत ठेवली की दोन्ही वारे आरपार जातात. दार लावून घेऊ नये. आत चौघांचा श्वास, बाहेर दहिवर, सकाळपर्यंत कापडाच्या आतून पाणी टपकते. उघड्या आकाशाखाली कापड लवकर थंड पडते म्हणून दहिवर जास्त धरते, झाडाखाली कमी. झाड सुरूचे बघावे, नारळाचे नको. नारळ पडताना कोणाला विचारत नाही.

पाण्यात उतरायचा विषय जरा सावकाश सांगतो. १ फेब्रुवारी २०१६ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेले आठ जण गेले. दोन्ही गट देशावरचे, समुद्राची सवय नसलेले. आपण पोहायला शिकतो विहिरीत नाहीतर धरणात, आणि तिथे शांत पाणी म्हणजे सुरक्षित पाणी. समुद्रात नेमके उलटे होऊ शकते. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, त्या पाण्याला परत जावेच लागते. वाळूच्या दोन उंचवट्यांच्या मध्ये जिथे खोलगट वाट सापडेल तिथून ते एका पट्ट्याने बाहेर ओढ घेते. त्या पट्ट्यात पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. दोन्हीकडे पांढरा फेस, मध्ये दहा-वीस पावलांची गुळगुळीत, जराशी गढूळ वाट. नवख्या माणसाला वाटते, वा, इथे लाटा नाहीत, इथेच उतरू. ही ओढ चांगल्या पोहणाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त असू शकते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हातपाय मारणारा दमतो, आणि माणूस बुडतो तो या दमण्याने. ती खाली ओढत नाही, बाहेर नेते आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गेली की सैल पडते. सापडलात तर उताणे तरंगा, हात वर करून हाक द्या, आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून पट्ट्याबाहेर या. ऑस्ट्रेलियात किनारारक्षकांची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे, सिडनीतल्या बाँडायचा क्लब १९०७चा. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचे हे तिथल्या पोराला बालवाडीत शिकवतात. गोव्यात २००८पासून किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक आहेत. कोकणात काही मोठ्या किनाऱ्यांवर आहेत, एकांतातल्या पुळणीवर कोणी नाही, आणि तंबूवाल्यांना एकांतच हवा असतो. तिथे गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये. अंधारात तर नाहीच.

परवानगीचे काय, असा प्रश्न प्रत्येक गटात एक जण विचारतो आणि बाकीचे त्याला गप्प करतात. गप्प करू नये. किनाऱ्यावरची माणसे रात्री अनोळखी उजेड दिसला की सावध होतात, त्याला इतिहास आहे. फेब्रुवारी १९९३मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला स्फोटके उतरली ती अशाच निवांत किनाऱ्यावर. २००८मध्ये मुंबईवर हल्ला करणारेही समुद्रातूनच आले. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरला एक बेवारस नौका लागली आणि तीत तीन एके-४७ सापडल्या, तेव्हा सगळ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली. चौकशीत कळले की नौका एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बिघडल्याने खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली. तेव्हा दिवसाउजेडी पोहोचावे, ग्रामपंचायतीत सांगावे, पोलीस पाटलांना किंवा जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात नावे आणि आधार कार्डाच्या प्रती द्याव्यात. सुरूची बने बहुतेक ठिकाणी वन विभागाची असतात, तिथे वेगळे विचारावे लागते. गोव्यात तर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे हा २०१९पासून दंडाचा मामला आहे; तेव्हा तो एकट्याला २,००० रुपये, गटाला १०,००० ठरला होता.

सगळ्यात सोपे म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाडीच्या मालकाला विचारणे. माडांच्या मागे मोकळी जागा असते, विहीर असते, संडास असतो. थोडे पैसे आणि जेवण त्यांच्याकडेच, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम होते. अशाच एका वाडीत आमचे सामान उतरत असताना म्हाताऱ्या आजी बाहेर आल्या, सॅककडे बघत म्हणाल्या, “कुठून रे आलात?” वर्ध्याहून, आजी. “बापरे. मग जेवून घ्या आधी, तंबूचे मग बघू.”

जेवणावरून आठवले. आपल्याकडची बाहेरची पार्टी म्हणजे पानगे-रोडगे, वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांचा आर. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, गाडाभर भात खाणाऱ्या बकासुराचे गाव असे सांगतात, तेव्हा शिधा कमी न्यायची आपली रीत नाही. पण पुळणीवर आर करताना एक लक्षात ठेवावे. निखारे वाळूने झाकून जाऊ नये. वाळू उष्णता धरून ठेवते, वरून गार दिसते आणि तासन्‌तास आत धगधगते. सकाळी अनवाणी पळत आलेले पोर त्यात पाय घालते. ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावर याच्या पाट्या लावतात: शेकोटी वाळूने विझवू नका, पाण्याने विझवा. सुरूखाली तर जाळ नकोच, त्याची गळलेली पाने कापसासारखी पेटतात.

नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला कासवे किनाऱ्यावर येतात, तेव्हा काही पुळणी तंबूसाठी वर्ज्यच समजाव्यात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. आंजर्ले, गुहागर, वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी इथेही घरटी असतात. मादी रात्री येते, शंभराच्या वर अंडी घालून वाळूने बुजवून परत जाते. समोर टॉर्च दिसला की न घालताच वळते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात आणि ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूला चालू लागतात. लाखो वर्षे ती बाजू समुद्राची होती, आता ती तुमच्या तंबूतल्या एलईडी दिव्याचीही असू शकते. वेळासला तंबू न्यायची गरजच पडत नाही. गावातल्या घरांत स्वस्तात राहता-जेवता येते आणि ते पैसे कासव राखणाऱ्या घरांत जातात.

आता जायचे कसे. गेल्या काही वर्षांत नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्ध्यावरून कोकण रेल्वेवर जाते, साधारण एक दिवस-रात्र. विशेष असल्याने भाडे चढे आणि दर हंगामात मुदतवाढ मिळाली की नाही ते बघावे लागते. वेळ आहे पण पैसे नाहीत, अशांनी विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने कल्याण गाठावे, लोकलने दिव्याला जावे आणि तिथून रत्नागिरी किंवा सावंतवाडीची पॅसेंजर धरावी. आरक्षण लागत नाही, गर्दीची तयारी लागते. किनाऱ्यावर उतरल्यावर गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार किंवा सात दिवसांच्या पासची योजना १९८८पासून चालू आहे आणि पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांसाठीच काढल्यासारखी आहे. गटात मुली असतील तर मार्च २०२३पासून त्यांचे तिकीट अर्धे, तेव्हा पास स्वस्त की सुटे तिकीट हे आधी मांडून बघावे. खाड्या आडव्या आल्या की फेरीबोट: आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दाभोळला शेवटची बोट चुकली तर रस्त्याने खाडीला वळसा घालून पलीकडे जायला दोन-तीन तास लागतात. म्हणून धक्क्यावर पोहोचल्याबरोबर पहिला प्रश्न चहाचा नाही, शेवटच्या बोटीच्या वेळेचा.